शाब्बास खालून वर जात नाही

भर स्टँडवर, चाळीसेक माणसांसमोर, मी माझ्या वडिलांना 'शाब्बास रे पठ्ठ्या' म्हणालो. त्यानंतर नऊ वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

स्टँड आखाडा बाळापूरचं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी आयटीआय करून पुण्याला, भोसरीच्या एका कारखान्यात कामाला निघालो होतो. सोबत पत्र्याची एक पेटी होती. त्या पेटीत आईनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, दोन चादरी आणि पाच किलो हळद भरली होती. पुण्यात हळद मिळत असेल यावर तिचा विश्वास नव्हता. मिळाली तरी ती आपल्या हळदीसारखी नसेल, याची तर खात्रीच होती. एकट्या पोराला पाच किलो हळद किती वर्षं पुरते याचा हिशेब तिनं केला नाही, मीही केला नाही.

कंडक्टर म्हणाला, पेटी टपावर टाका. मी हात लावायच्या आत आबांनी, म्हणजे वडिलांनी, डोक्यावर उपरण्याची चुंबळ केली, पेटी उचलली आणि गाडीच्या मागच्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला. पन्नाशी उलटलेली, कंबर अधूनमधून धरायची. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला. सगळ्यांनी श्वास धरला. आबांनी स्वतःला सावरलं, पेटी सावरली आणि एका दमात वर गेले. खाली उभ्या असलेल्या माझ्या छातीत काहीतरी दाटून आलं. दाटून आलेलं डोळ्यांतून काढायचं असतं हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षं कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभं राहून ज्या गळ्यानं मी ओरडायचो, त्याच गळ्यातून ते निघालं.

"शाब्बास रे पठ्ठ्याऽऽ! भले! घे वर!"

आधी स्टँड गप्प झालं. मग हसलं. कंडक्टर तर टपाकडं बघून म्हणाला, "घ्या आबा, पोरगं पाठ थोपटून राहिलंय तुमची. आता उतरा लवकर, न्हाईतर नारळ बी देईल."

आबांनी पेटी ठेवली. दोरीला दोन गाठी जास्तीच्या मारल्या. खाली उतरले, हात झटकले आणि माझ्याकडं न बघता सरळ बाजाराच्या दिशेनं चालू लागले. गाडी त्यानंतर दहा मिनिटं उभीच होती. आई खिडकीची सळई धरून उभी. आयांनी अशा वेळी म्हणायची वाक्यं ठरलेली असतात, नीट राहा, वेळेवर जेव, पत्र टाक. माझ्या वाट्याला आलं ते असं: "काहून म्हणलास रं तसं? बापाला असं म्हणतात व्हय?" आणि गाडी हलली.

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांना वाटेल, एवढं काय झालं? शाब्बासच तर म्हणाला, शिवी तर दिली नाही. पण शिवी चालली असती. आमच्याकडं शाब्बास पाण्यासारखं असतं, वरून खाली जातं. गुरुजी पोराला म्हणतील, वस्ताद पैलवानाला म्हणेल, सासरा जावयाला म्हणेल, तेही जरा बेतानं. खालून वर ते कधी चढत नाही. मोठ्या माणसानं काही जबरी काम केलं तर धाकट्यानं गप्प राहायचं. अगदीच राहवलं नाही तर शेजारच्याकडं तोंड करून म्हणायचं, "म्हाताऱ्यात दम हाय बरं का अजून." त्यांनी ते ऐकायचं आणि ऐकलं नाही असं दाखवायचं. आणि पठ्ठ्या म्हणजे तर वस्तादाच्या हाताखालचा शागीर्द. म्हणजे मी एका दमात बापाला शागीर्द केलं, वर त्याची पाठ थोपटली.

त्यातून आबा म्हणजे कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडून असलेला माणूस. हात आखडायचा तो फक्त माणसांसाठी. बैलांसाठी त्यांच्याकडं कोठारच होतं. पाखऱ्या नावाचा आमचा बैल चढ चढायला लागला की "वा रे माझ्या राजा, भले रे भले, चल माझ्या वाघा" असं सुरू व्हायचं. मी दहावीला पहिल्या वर्गात आलो तेव्हा म्हणाले, "बरं." आयटीआयचं सर्टिफिकेट दाखवलं तर ते हातात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "फोटोत डोळे काहून मिटलेस?" पाखऱ्याचा मला लहानपणापासून हेवा वाटायचा. बैलाचा हेवा करणारा मी गावातला एकटाच असेन.

तर माझं ओरडणं. आमच्या गावाच्या कबड्डीच्या संघात निम्मे गावातले आणि निम्मे तांड्यावरचे असायचे. मी दहा वर्षं त्या संघात होतो आणि दहा वर्षांत एकदाही चढाईला गेलो नाही. मला न्यायचे ते ओरडायला. तांड्यावरचा प्रल्हाद आमचा मुख्य चढाईवाला आणि माझा जिवलग. त्याच्या आज्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. प्रल्हादचं म्हणणं, शंभर बैल चालते ठेवायचे तर गळ्यातून ओरडून भागत नाही, बेंबीतून ओरडावं लागतं. त्यानं मला बेंबीतून ओरडायला शिकवलं. हे एकच शिक्षण मी मन लावून घेतलं.

आरोळ्यांनाही पिढ्या असतात, हे मला मैदानाच्या कडेला कळलं. आबांच्या वयाची माणसं "भले बहाद्दर!" म्हणायची, त्यात एक ऐट होती, जणू मागं हत्ती उभा आहे. आमच्या पिढीला एवढा वेळ नव्हता. आम्ही "हाण! तोड! धर पाय! मार मर्दा!" असे तुकडे पाडले. जत्रेत ऑर्केस्ट्रा यायला लागला तेव्हा "वन्समोर" आलं आणि ते गाण्यापुरतं न राहता कुस्तीतही घुसलं. चितपट झालेल्या पैलवानालाही लोक वन्समोर द्यायचे. नांदेडला कॉलेजला गेलेली पोरं सुट्टीत "कम ऑन" घेऊन आली. आम्ही त्यांची टर उडवली, मग पुढच्या वर्षी आम्हीच म्हणायला लागलो. आणि हरलेल्यासाठीही एक आरोळी होती, हुर्यो. तिला मात्र वरून खाली, खालून वर असा काही नियम नव्हता. ती कशीही चालायची.

भोसरीत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं चौघं एका वेळी जागे असं क्वचित व्हायचं. कारखान्यात यंत्रांचा एवढा आवाज की बोलणं व्हायचं ते हातांनीच. पहिल्या दिवशी मी काढलेला नग सुपरवायझरनं उजेडात धरून बघितला आणि मला अंगठा दाखवला. आमच्याकडं माणसानं माणसाला अंगठा दाखवला तर त्याला ठेंगा म्हणतात, म्हणजे तुला काही मिळणार नाही, चालता हो. मी हात धुतले, डबा उचलला आणि गेटपर्यंत गेलो. वॉचमननं परत पाठवलं. नोकरीतला माझा पहिला तास असा गेला.

पुढं कंपनीच्या वार्षिक क्रिकेट सामन्यात मला वाटलं, आता आपला दिवस आला. आमच्या खात्याला शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. सायबांच्या बायका-पोरी छत्र्या घेऊन बसलेल्या. मी बेंबीतून सोडलं, "हाण तिच्या मायलाऽऽ! घाल पल्याड!" फलंदाज दचकला आणि त्याचा त्रिफळा उडाला. एका बाईंनी मुलीचे कान झाकले, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "दत्ता, ओरड, पण जरा सभ्य ओरडत जा." मी सभ्य ओरडणं शिकायला लागलो. कम ऑन, गुड शॉट, वेल डन. सगळ्यात अवघड गेलं ते 'वेल ट्राय'. आउट झालेल्या माणसाला, तो मान खाली घालून परत येत असताना, टाळ्या वाजवून वेल ट्राय म्हणायचं! गावात त्याला हुर्यो मिळाला असता आणि वर्षभर पुरला असता. पण खरं सांगतो, पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा वाटलं, हे कुणीतरी आपल्याला म्हणायला हवं होतं.

सभ्य ओरडणं आलं तसा मी हळूहळू ओरडेनासा झालो. एकदा सुट्टीच्या दिवशी खोलीत कुणी नव्हतं. दोन दिवस बिघडलेला स्टोव्ह मी उलगडून साफ केला आणि तो भडकन पेटला. मी स्वतःलाच मोठ्यानं "शाब्बास दत्ता" म्हणालो. आवाज भिंतीला लागून परत आला. ते वरून खाली गेलं का खालून वर, मला ठरवता येईना. मी चहा केला, दोन कप केला, एक तसाच राहिला.

दर रविवारी मी एसटीडीवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचो. दुकानदार माणूस पाठवायचा, मी पंधरा मिनिटांनी परत लावायचो. आई यायची, धापा टाकत.

"आबा हायेत का?"

"हायेत की. इथंच खांबाला टेकून बसलेत."

"दे की त्यांना."

मग रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज. मग आई: "म्हणून राहिले, तब्येतीला जप म्हणावं." मला मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. नऊ वर्षं मी वडिलांचा खोकला ऐकला. तो कोरडा आहे का कफाचा, एवढं मला पुण्यातून सांगता यायचं.

सुट्टीत गावी गेलो की ते माझ्याशी पाखऱ्यामार्फत बोलायचे. "पाखऱ्या, त्याला म्हणावं वैरण सरकव." माझ्या लग्नात त्यांनी सगळ्यांशी हसून गप्पा मारल्या आणि फोटोच्या वेळी भटजींना म्हणाले, "त्याला म्हणा, टोपी नीट कर." मी टोपी नीट केली. फोटोत डोळे उघडे ठेवले. त्यावर कुणी काही बोललं नाही.

याच वर्षांत एक गंमत झाली. मी निघालो तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. मी पुण्यात असताना ते हिंगोली जिल्ह्यात गेलं. म्हणजे गाव सोडणारा मी एकटा नव्हतो, गावही जागच्या जागी कुठंतरी निघून गेलं होतं. कारखान्यातल्या कागदावर मी बरीच वर्षं जिल्हा परभणीच लिहीत राहिलो. बदलायला गेलं की कुणीतरी पुरावा मागायचं, आणि आपलं घर हललं याचा पुरावा कुठून आणायचा?

आमच्या चाळीत एक निवृत्त मास्तर राहायचे. मूळ परभणीचे, उर्दू शाळेत शिकवलेले, लेकाकडं पुण्याला आलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना बोलायला माणूस हवा होता आणि मलाही, म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसायचो. एकदा मी त्यांना स्टँडवरची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत.

"शाब्बास म्हणजे काय मालूम आहे का बेटा? शाद बाश. फारसी आहे. शाद म्हणजे खुश, बाश म्हणजे राहा. खुश राहा. दुआ आहे ती."

"मग दुआ दिली तर काय बिघडलं चाचा?"

"दुआ मोठे देतात. धाकट्यानं दिली तर गुन्हा नाही होत, बेअदबी होते. फर्क आहे." मग त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या तरुणपणी मुशायऱ्यात शेर आवडला की लोक 'मुकर्रर' म्हणायचे, म्हणजे पुन्हा एकदा. तेच पुढं नाटकवाल्यांनी 'वन्समोर' केलं असेल नाहीतर इंग्रजांनी शिकवलं असेल, त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. पण त्यांचं एक म्हणणं माझ्या डोक्यात बसलं. राज्यं बदलली, भाषा बदलल्या, पण माणसाला 'आणखी कर, मी बघतोय' एवढंच सांगायचं असतं. त्यासाठी दर पिढीला नवा शब्द लागतो, कारण जुना बापानं वापरलेला असतो.

मी हुशार माणूस. लगेच आबांना आंतरदेशीय पत्र लिहिलं. त्यात शाद बाश, फारसी, दुआ, खुश राहा, सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं आणि शेवटी लिहिलं, 'तेव्हा माझ्या बोलण्याचा अर्थ तुम्ही सुखी राहा एवढाच होता.' माफी मागायच्या जागी मी बापाला शब्दाचा अर्थ सांगितला. पुढच्या रविवारी आईला विचारलं.

"वाचलं का त्यांनी?"

"वाचलं की."

"मग काय म्हणले?"

"काई न्हाई. म्हशीला पेंड घालायला गेले."

मग दोन हजारनंतरची वर्षं आली. खोली गेली, दोन खोल्यांचं घर आलं, टीव्ही आला, मोबाइल आला. कोल्हापूरकडचा एक मित्र कारखान्यात लागला आणि त्याच्या 'नाद खुळा'नं आमचं अख्खं खातं पछाडलं. नांदेडचा असो, बिहारचा असो, नग पास झाला की नाद खुळा. माझी लेक शाळेत जायला लागली. तिच्या वहीत रोज एक चांदणी आणि 'गुड जॉब'. दूध पिलं, गुड जॉब. बूट घातले, गुड जॉब. मीही म्हणायला लागलो. एकदा सहज मोजलं, तर सकाळी आठच्या आत मी तिला सहा वेळा शाबासकी दिली होती. माझ्या बापानं अख्ख्या जन्मात दिली नव्हती एवढी. आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. माझं एक 'बरं' मी तीस वर्षं जपून ठेवलंय, तिच्या चांदण्या रद्दीत गेल्या.

जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हे ठाऊक असेल. इथं आपलं कौतुक फार होतं. वाढदिवसाला केक कापतात, महिन्याचा कामगार म्हणून फोटो लावतात. पण आपण पडता पडता सावरलो तेव्हा श्वास धरलेलं माणूस त्यांच्यात नसतं.

नवव्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी आठ दिवस गावी गेलो. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी अजून सुटलं नव्हतं, गहू नुकता उगवलेला, आणि आमच्या विहिरीतली मोटर जळाली. मोटर वर काढायची तर कप्पीवरून दोर घ्यायचा, सहा-सात जणांनी तो धरून मागं मागं जायचं आणि एकानं विहिरीच्या काठावर उभं राहून हाळी द्यायची. ओढणाऱ्यांना विहिरीतलं काही दिसत नाही. मोटर कपारीला अडकली, का झुलली, का वर आली, हे फक्त हाळी देणाऱ्याला दिसतं. त्याच्या हाळीवर ओढायचं, त्याच्या हाळीवर धरायचं. तो चुकला तर मोटर तळाला. आणि म्हणून त्याला एक सूट असते. तो कुणालाही अरे-तुरे करतो, नावानं हाक मारतो, बायकोवरून, सासरवाडीवरून, म्हातारपणावरून टोचतो. दोराला हात लागला की लहान-मोठं कुणी राहत नाही. मोटर वर आली की सगळं माफ.

आमच्या शिवारात ही हाळी प्रल्हाद द्यायचा. पण प्रल्हाद बायको-लेकरं घेऊन ऊसतोडीला गेला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

किसनकाका, शेजारच्या शेतातले, म्हणाले, "दत्त्या हाय की. कबड्डीला लई बोंबलायचा. दोराला तसाबी त्याचा उपेग न्हाई, पुण्यात राहून हात बघा कसे झाले, नवरीवानी."

आबा उठले. तळहातांवर थुंकले आणि दोराला सगळ्यात पुढं उभे राहिले.

मी काठावर गेलो. खाली मोटर दिसत होती. समोर सात माणसं दिसत होती आणि सर्वांत पुढं माझा बाप, दोर धरून, माझ्या तोंडाकडं बघत. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघत. मला आता त्यांना 'नामदेवा' अशी नावानं हाक मारायची होती. ओढ म्हणायचं होतं. भले म्हणायचं होतं. एकदा म्हणून काय झालं ते मला माहीत होतं.

मी घसा साफ केला. "आबा... काका... ओढा बरं का. हळूहळू ओढा. तकलीफ करून न घेता."

दोघांनी आधी ओढलं, तिघांनी नंतर, दोघं वाट बघत राहिले. मोटर हातभर वर येऊन झुलायला लागली.

"थांबा, थांबा," मी म्हणालो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "प्लीज."

विहिरीच्या काठावर प्लीज! किसनकाकांना हसू आवरेना. त्यांचा हात सैलावला, मागच्यांचा सैलावला, दोर सळसळत निघाला. खाली मोटर धाडकन कपारीवर आदळली. पुढं एकटे आबा. त्यांनी टाच जमिनीत रोवली आणि दोर सोडला नाही. त्यांच्या तळहातातून तो वीतभर सरकताना मी बघितला.

"अरे ए सुक्काळीच्या!" आबा गरजले. "अर्ज लिहून राहिला का तिथं? हाळी दे!"

नऊ वर्षांनी वडील माझ्याशी बोलले. त्याचा आनंद करायला तेव्हा वेळ नव्हता. मी मोटरीवर नजर रोवली आणि बेंबीतून सोडलं.

"ओढ रं नामदेवाऽऽ! दूध भाकर कुठं गेली? ओढ! भले! किसन्या, बायको माहेरी चालली, ओढ! धर आता, धर! आलं रं आलं! हैशाऽऽ!"

सात माणसं एक झाली. मोटर वर आली, चिखलानं माखलेली, एका बाजूनं चेपलेली. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. माझा आवाज पार पलीकडच्या वस्तीपर्यंत गेला म्हणे.

नंतर बाभळीखाली चहा झाला. बाकीचे मोटर बघत होते. आबा तळहातांवर फुंकर घालत बसले होते. मी जवळ जाऊन बसलो.

"आबा, तवा स्टँडवर मी बोललो, त्याचं..."

"कोणत्या स्टँडवर?"

मी सगळं सांगितलं. पेटी, शिडी, कंडक्टर.

"म्हणला आसशील," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं बोलत काहून नव्हते?"

"काय बोलावं?" त्यांनी दुसऱ्या तळहातावर फुंकर घातली. "गाडी निघताना मला बघवत न्हाई, म्हणून गेलो बाजारात. मला वाटलं साल-दोन सालात माघारी येशील. आला न्हाईस. मंग पुढं काय बोलावं ते सुचलंच न्हाई. दुकानात धा मान्सं बसलेली, त्यांच्याम्होरं काय सुचतंय?"

म्हणजे नऊ वर्षं मी ज्याची शिक्षा भोगत होतो तो गुन्हा कुणी नोंदवलाच नव्हता. आणि ज्याची नोंद होती, माघारी न आल्याची, त्याची मी माफी कधी मागितली नव्हती. आबा खरं बोलले का मला वाईट वाटू नये म्हणून विसरल्याचं सोंग केलं, हे मला अजून कळलेलं नाही. ते खोटं बोलताना कान खाजवतात. त्या वेळी खाजवला का नाही, ते मी बघितलं नाही. मी जमिनीकडं बघत होतो.

त्यानंतर बोलणं सुरू झालं. आता आबांकडं मोबाइल आहे. ते तो कानापासून वीतभर लांब धरतात आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे बोलतात. पण नऊ वर्षांची सवय दोघांनाही लागलेली. "हं, बोल" म्हणतात, मी म्हणतो "तुम्हीच बोला", आणि मग दोन्हीकडून थोडा वेळ नुसता खोकला. गप्प असताना निदान मला माहीत तरी होतं की आपण कशामुळं गप्प आहोत.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. पुण्यात माझं घर आहे, दारावर नावाची पाटी आहे, खालच्या मजल्यावरचे लोक मी क्रिकेट बघताना ओरडलो तर छताला काठी ठोकतात. तिथं माझं सगळं आहे, फक्त माझ्या आवाजाला काम नाही. जगाच्या पाठीवर एकच विहीर अशी आहे जिच्या काठावर माझा आवाज उपयोगाला आला. ते माझं घर, असं मी गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना छातीवर हात ठेवून सांगायला तयार होतो. अगदी परवापर्यंत.

परवा आबांचा फोन आला. हरभरा काढणीला आला आहे, मजूर मिळत नाही, ते आणि आई दोघंच पहाटेपासून कापून राहिलेत, अर्धं रान पडलं आहे आणि ऊन वाढून घाटे फुटायला लागलेत. मला भरून आलं. मी गॅलरीत जाऊन, काठीची पर्वा न करता, बेंबीतून ओरडलो, "होऊन जाईल आबा! दम धरा! तुमच्यासारखा वाघ न्हाई शिवारात! भले!"

मग आबा म्हणाले, "ओरडायला मान्सं लई हायेत गावात. कापायला न्हाईत."